थोडं अळणी पाणी

केमीच्या बसस्थानकावर उणे सव्वीस.
रेइयोनं खोका सामानाच्या कप्प्यात टाकलाच नव्हता.
आपल्या सीटमागे, हीटरपाशी,
वर स्वतःची लोकरी टोपी चढवून आणला होता.
"तुझी पाहुणी गप्प आहे," म्हणाला,
"अख्ख्या वाटेत एक शब्द नाही."
बस सात तास उशिरा. औलूच्या अलीकडे
एक ट्रक आडवा झाला होता बर्फात.

घरी आधी दिवे मालवले.
इतक्या लांबून आलेल्या जिवाला
अंधार हेच पहिलं पांघरूण,
हे मला वरच्या मजल्यावरच्या युर्यानानं शिकवलं,
बत्तीस वर्षं बर्फ फोडणाऱ्या जहाजाचं इंजिन सांभाळलेला,
कशाचीच घाई नसलेला माणूस.
त्याची रीत ठरलेली:
बारीक नळी, नळीला सैलसर गाठ,
टाकीचं पाणी माशाच्या भांड्यात
सेकंदाला दोन थेंब, दीड तास.
"दमानं घे. समुद्र कोणाच्या अंगावर
एकदम ओतायचा नसतो."

मी तसंच करणार होते.
नळी धुतली होती, गाठ मारून ठेवली होती.
न्हाणीघराबाहेर विलगीकरणाची टाकी,
चाळीस लिटर, उघडीबोडकी,
एक हीटर, एक स्पंज, लपायला पाइपचा तुकडा.
महिनाभर तिचं घर हेच.

बंद पिशवी पाण्यावर तरंगत सोडली
आणि टॉर्चवर बोटं धरून पाहिलं.
अर्धी जांभळी, अर्धी पिवळी,
माझ्या करंगळीएवढी,
कोपऱ्यात अंग तिरपं करून.
एक्केचाळीस तासांचे तिचे श्वास, तिचीच घाण,
सगळं त्या चार पेले पाण्यात.

युर्यानाला फोन केला. तास सांगितले.
पलीकडे बराच वेळ त्याचा रेडिओ तेवढा ऐकू आला.
मग म्हणाला, "नळी ठेवून दे."

काय?

"पिशवी बंद आहे तोवर त्या पाण्यातलं विष पेंगतंय.
उघडलीस, हवा लागली, की जागं होईल.
तू बसशील थेंब मोजत
आणि ती तिकडे…"
वाक्य त्यानं पुरं केलं नाही.
त्याचा तो पिवळा टँग मला आठवला, तीन वर्षांपूर्वीचा.
तो दमानंच मेला होता.

गाठीपाशी सुई टोचून थेंबभर पाणी ओढलं,
भोकावर लगेच चिकटपट्टी.
थेंब काचेवर ठेवून डोळ्याला लावला:
एक पूर्णांक शून्य एकोणीस.
टाकीत शून्य पंचवीस.
पाठवणाऱ्यानं मिठात हात आखडला होता.

"मग टाकीनं चार पावलं पुढं यावं," युर्याना म्हणाला.
"दहा लिटर काढ, दहा लिटर गोडं घाल. कोमट करून."

रात्री दीड वाजता मी समुद्र अळणी करत होते.
मग उपसायचं, मग ओतायचं, थांबायचं, मोजायचं.
बावीस.
हात कोपरापर्यंत ओले, पायात एकच मोजा.
वीस.
आमच्याकडे सामनचं सूपसुद्धा अळणीच उतरवतात,
मीठ टेबलावर. ज्याची त्याची चव.
एकोणीस.

कात्री.
तिला वाटीत अलगद घेतलं,
पिशवीचं पाणी मोरीत,
एक थेंबही टाकीत नाही.
वाटी कलंडली.
ती पाइपात शिरली इतक्या झटक्यात
की खरंच होती का, असं वाटावं.

मागे युर्याना उभा होता, सपाता घालून,
दार उघडंच राहिलं होतं माझं.
दोघंही बोललो नाही.
काळोखात हीटरचा तांबडा ठिपका
लागत होता, विझत होता.
"आता रोज चिमूट चिमूट," जाताना म्हणाला,
"पाच-सहा दिवसांत येईल ती पंचविसावर.
आणि उद्या खायला घालू नकोस, मागितलं तरी."

सकाळी पाइपाच्या तोंडाशी जांभळं नाक.
गाठ मारलेली नळी खुर्चीवर तशीच.
आणि रिकाम्या खोक्यात रेइयोची टोपी,
जरा दमट, जरा खारट वासाची.
ती द्यायला
मी साडेआठच्या बसला गेले.