एक्केचाळीस

होटगी रस्त्यावरच्या आमच्या हॉस्पिटलात शंभर खाटा.
आज भरलेल्या एकोणसाठ.
मी हिशेबनीस. उरलेल्या रोज सकाळी
मजल्या-मजल्यानं मोजून येतो.
कुणी झोपलं नाही तरी चादर बदलावी लागते,
मे महिन्यातली धूळ ॲडमिट व्हायला कागद मागत नाही.

पुण्याचा सल्लागार म्हणाला, रिकामी खाट म्हणजे खर्च.
पडद्यावर एक्केचाळीस लाल चौकोन.
मला अप्पांचे बारा माग दिसले.
शेजाऱ्यानं वाढवले म्हणून अप्पांनी वाढवले,
अप्पांनी वाढवले म्हणून सगळ्या गल्लीनं.
शेवटी किलोच्या भावानं गेले.
पण सूत संपलं की माग गप्प बसायचा.

समोरच्यांनी एमआरआय आणलं, म्हणून आम्हीही.
एकाच सिग्नलला दोन. हप्ता पाच तारखेला.
चार तारखेला राजव्वा चिट्याल आली, डोकं दुखतं म्हणून.
तंबाखूच्या खोलीत दिवसभर विड्या वळून
कुणाचं दुखणार नाही?
फोटो स्वच्छ निघाला.
"काहीच नाही, तर साडेसहा हजार कशाचे?"
आधी मराठीत विचारलं, मग तेलुगूत.
मला दोन्ही कळतं.
मी पावती दिली.

बैठकीत सांगायचं होतं:
आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो.
घरात चार पिंपं. चौथ्याला सहसा हात लागत नाही,
बायको त्याला खर्च म्हणत नाही.
आणि त्या ऑक्सिजनच्या वर्षी
माझा मेव्हणा याच जिन्यात पोत्यावर बसला होता,
मी मोजून आलो होतो: रिकाम्या, शून्य.
त्या दिवशी तुमचा पडदा
काय हिरवागार दिसला असता, साहेब.

बोललो नाही.
पिंपावर बँकेचं कर्ज नसतं, हेही मला ठाऊक.
आणि पिंप कधी
तहान लागली का, विचारत दारोदार फिरत नाही.

रात्री सिव्हिलमधून फोन आला. वॉर्डबॉय गड्डम.
इथं एका खाटेवर दोघं आहेत, म्हणाला,
एक म्हातारा खाली फरशीवर.
तुमच्याकडं जागा आहे का?

आहे, म्हणालो. एक्केचाळीस.
आणि लगेच, सवयीनं,
"डिपॉझिट कोण भरणार?"

पलीकडं बराच वेळ
पंख्याचा खडखडाट ऐकू येत राहिला.