जागा

दोन वाजून वीस. तहसीन बागवानचा फोन :
"मॅडम, पिशवी हातात आहे, पेशंटचा भाऊ दारात आहे
आणि नोंद काही होत नाही.
स्क्रीन म्हणतेय, जागा नाही."
"वहीत लिही, पिशवी दे. निघते मी."

घरून लॉगिन घेईना.
वडगावहून स्कूटर काढली. जानेवारीची थंडी
हातमोज्यांच्या शिवणीतून आत,
दांडेकर पूल, स्वारगेट, सगळे सिग्नल नुसते पिवळे मिचकावणारे.
सोमवार पेठेतल्या कुत्र्यांनी ओळख दाखवली.

रक्तपेढीचा सर्व्हर जिन्याखाली राहतो,
बंद पडलेल्या फ्रीजरला खेटून.
कन्सोल उघडला की आधी खळदकर सरांची पाटी :
"काम असेल तर आत या. झाले की निघा.
रूट होऊन उगाच भटकू नये."
सर निवृत्त झाले त्याला सात वर्षं झाली.
पाटी काढायचं धाडस कुणाला झालेलं नाही.

डीएफ म्हणाली, शंभर टक्के भरलंय.
डीयूनं खोली खोली मोजली आणि म्हणाली,
छे, निम्मंसुद्धा नाही.
दोघी खरंच बोलत होत्या.
असं होतं :
फाइल पुसलेली असते, यादीतून नाव गेलेलं असतं,
पण एखादी प्रोसेस तिला धरून बसते.
धरलंय तोवर जागा सुटत नाही.

सर्व्हिस पुन्हा सुरू केली. एक आदेश.
आकडा उतरला : एक्केचाळीस.
वरून तहसीनचा आवाज, "झाली, झाली!"

तेव्हाच घरी जायचं होतं. मी लॉग उघडला.
बाहेरून रात्रभर दार वाजत होतं :
अ‍ॅडमिन, टेस्ट, गेस्ट, पुन्हा अ‍ॅडमिन,
सेकंदाला चार, नेटानं, न चिडता, चुकत.
चुकणाऱ्यांची मला भीती नाही.
त्या गर्दीत एक ओळ चुकलेली नव्हती.

तीन वाजून दहा. चावी मान्य. खातं : खळदकर.
काल. परवा. तेरवा.
मागे मागे गेले, दिवाळीतसुद्धा.
घड्याळात तीन वाजून नऊ.

मिनिटभरानं कोण-कोण आहे ते विचारलं मशीनला.
दोन नावं.
चोर म्हणून हाकलायचं,
की सर म्हणून उठून उभं राहायचं?
लिहिलं : "कोण?"

कर्सर बराच वेळ लुकलुकला.
"ढमढेरे? एवढ्या रात्री तू काय करतेस?"
"डिस्क भरली होती, सर."
"भरणारच होती. म्हणून तर परवा मोठा लॉग पुसला मी."
मी काहीच लिहिलं नाही.
तिकडे धायरीत, मफलरमध्ये,
हळूहळू त्यांनाही दिसत गेलं असणार.
"प्रोसेस धरून बसली?"
"हो."
"आणि मी ती पुन्हा सुरू केली नाही."
"…"
"किती नोंदी अडल्या?"
"एकच. वहीत आहे."
"माझी चावी काढ."
"सकाळी बोलू ना, सर."
"सात वर्षांपूर्वी काढायची होतीस. आत्ता काढ. मी थांबतो."

लांबलचक ओळ ती, शेवटी त्यांचं नाव.
पुसली.
पण चावी गेली म्हणून
आत असलेला माणूस बाहेर पडत नाही.
यादीत दोन नावं तशीच होती.
मी हाकलू शकले असते. एक आदेश.
बसून राहिले. पंखा घरघरत होता.
मग एकच नाव उरलं.

जाता जाता पासवर्डवाला दरवाजाच काढून टाकला,
आता चावी असेल तर या.
स्कूटरची किल्ली हातात घेऊन
शेवटचं एकदा लॉगकडे पाहिलं.

तीन वाजून छत्तीस. चावी अमान्य. खातं : खळदकर.

एकदाच. तपासलं असणार.
खाली पुन्हा अ‍ॅडमिन, टेस्ट, गेस्ट.