खारं की गोडं

शिगेमी, मला खिडकीची जागा मिळाली आहे.
बोगद्यात खिडकी कशाला, असं विचारणार होतो,
पण काउंटरवरची मुलगी इतक्या अदबीनं वाकली
की मीही वाकलो आणि गप्प बसलो.

गाडी हिरवी, चोच लांब, बगळ्याची.
धूर नाही, धाप नाही.
वरच्या तारेतून वीज पिते
आणि निघाली हे कळायच्या आत निघालेली असते.

माझ्या बोटीला निघायला वेळ लागायचा.
आधी मालडबे पोटात घ्यायचे, मग दोर सोडायचे,
मग धक्क्यावरच्या हातातून डेकवरच्या हातापर्यंत कागदी फिती,
आणि मग मी, गळ्यात काशाचा तास अडकवून.
टोले देत डेकभर फिरायचो.
फिती ताणायच्या, तुटायच्या,
आओमोरीच्या नवऱ्या मुली रडायच्या.
हाकोदातेहून पलीकडे चार तासांना दहा मिनिटं कमी.
आता तेवीस मिनिटं. शेजारचा पोरगा अंडं सोलतोय,
त्याचं अंडं संपायच्या आत समुद्र संपेल.

एकवीस वर्षं मी ही सामुद्रधुनी वरून ओलांडली,
तू तेवढीच वर्षं खालून, कुदळीकुदळीनं.
आई म्हणायची, एकाच पाण्याचे दोन चाकर.

तुला आठवतं का, नव्या वर्षाच्या जेवणाला
तू बोटं पसरून दाखवत होतास:
दादा, छतातून थेंब पडला की आम्ही जिभेवर घेतो.
गोडं लागलं तर डोंगराचं.
खारं लागलं तर पळायचं.
आणि मी, दोन पेले झालेला, म्हणालो,
लागू दे की एकदाचं खारं.
कोणी हसलं नाही. आईनं भाताचं भांडं उचललं.

त्याच वसंतात पाणी घुसलं.
तू गळ्याएवढ्या पाण्यातून बाहेर आलास,
तुझ्या मागचा माणूस आला नाही.
त्या वेळी मी तुमच्या डोक्यावरून चाललो होतो, शिगेमी,
वेळेवर, शांत समुद्रावर,
टोले देत.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चात एकाच दिवशी
माझी शेवटची बोट लागली आणि तुझी पहिली गाडी सुटली.
भांडण झालं असं नाही.
बोलणं तेवढं राहिलं.
तू खालीच थांबलास, पंपांपाशी.
गाड्या विजेवर चालतात, बोगदा उपशावर,
एवढं मला माहीत होतं.
दर वर्षी तुझं कार्ड यायचं, एका ओळीचं:
आजही उपसलं.
मी उत्तरादाखल सुकवलेलं माकूळ पाठवायचो, चिठ्ठीशिवाय.

आजही आणलंय. पिशवीत आहे.
तुझी सून म्हणाली, पेटीत ठेवायला चालेल.

कानात दडा बसला, म्हणजे आता आपण तळाशी.
डोक्यावर शंभर मीटर खडक,
त्याच्यावर माझा सगळा जन्म, लाटांसकट.
डब्यात कोणी वर पाहत नाही.
पुढच्या रांगेतली बाई झोपेत हसते आहे.

काच धुरकटली आहे.
माझं तोंड तिच्यात आहे आणि तुझं कपाळ.
बोटानं पुसली, बोट जिभेवर टेकवलं,
कोणी बघत नव्हतं.

डोंगराचं नाही, शिगेमी.
समुद्राचंही नाही.
इथं बसलेल्या सगळ्यांच्या श्वासाचं पाणी आहे हे.
याची चव काय धरायची,
ते तू सांगितलं नव्हतंस.