धावपट्टी चौतीस, वेलिंग्टन

पारापारौमूच्या गवतावरून निघाली तेव्हा
तेउइलाला सगळं पाठ होतं.
मांडीला पट्ट्यानं बांधलेला कागद,
त्यावर पेन्सिलीनं लिहिलेली वाक्यं,
जशीच्या तशी म्हणायची.

आता समुद्र तिरका झालाय,
वारा शेपटी धरून हलवतोय,
आणि कानात एकामागून एक माणसं बोलतायत,
जणू आभाळ त्यांच्याच नावावर आहे.

"सेसना, आपला उद्देश सांगा."

उद्देश.
बेकरीतली नोकरी सोडली त्या रात्री
आईनं विचारलं होतं हेच,
पिठाचे हात तसेच ठेवून.
तेव्हाही ती गप्पच राहिली होती.

मागे ऑकलंडहून आलेलं जेट,
त्यात सीटखाली पायानं बूट चाचपणारं कुणी,
तिच्या तीन सेकंदांत अडकलेलं.

कागद? कागद उलटा.

"उतरायचंय," ती म्हणाली.
ना स्वतःचं नाव, ना आकडा.

मनोरा जरासा खरखरला.
"या मग. पण भरभर."

लायल बेच्या लाटांवर बसलेल्या पोरांनी
मान वर केली नाही.
चाकं टेकली, उडाली, पुन्हा टेकली,
आणि पुढे केवढी पट्टी उरली होती,
कुणा मोठ्यासाठी अंथरलेली.
तिच्या कडेकडेनं, स्कूटरसारखी,
ती वळण शोधत गेली.