पेव

हरिपुरात पेव उघडलं की दौलूमामा
आधी पेटता कंदील सोडायचा खाली, दोरीनं.
विझला, तर म्हणायचा,
'लक्ष्मी निजलीय. थांबा.'

अकरावीत मी त्याला ऐकवलं :
आत कार्बन डायऑक्साइड साचतो,
ज्योत म्हणून विझते,
लक्ष्मीबिक्ष्मी काही नसतं.
खांद्यावरच्या टॉवेलानं पिवळे हात पुसत
तो ऐकत राहिला.

परवा नव्या पोराला दटावत होता,
'उतरू नगंस रं,
ऑक्सिजन निजलाय अजून.'

हसले मी.
मग आठवलं,
प्रयोगशाळेत बंद बरणीचं झाकण
मी झटक्यात काढत नाही कधीच.
आत कुणी नाही, ठाऊक आहे.
तरी
नखानं एकदा वाजवते काच,
थांबते.