श्वासमुळं

माझ्या टेबलावर कानशी, पकडी, मेणाच्या कांड्या.
त्या बाजूला सारून चांगुणा वेसावकरनं,
गिऱ्हाइकाला सुरमईचा कल्ला उचलून दाखवावा,
तसा पदर उचलून गळा दाखवला.
थायरॉइडचं ऑपरेशन. टाके निघालेले,
व्रण अजून ओल्या सुतळीसारखा.

"सून सांगते, ठुशी घाल, झाकून जाईल.
माना झाकाचा नाय.
भूल दिली तवा सपान परलं,
गल्यानशी तिवराची मुलं वर आली,
सरल, आभालाकरं."
मुलं? मी विचारलं.
मुलं, म्हणाली.
मग कळलं मला, आणि तरी
वहीत तसंच लिहून ठेवलं: मुलं.

वेसाव्याच्या खाडीत ओहोटी बघून उतरले.
गुडघाभर चिखल, पिशव्या, गणपतीचा एक हात,
आणि हजारो काळी बोटं चिखलातून वर,
पाणी यायच्या आत
श्वास उरकून घेणारी.
नऊ कोवळ्या मुळांवर मी मेण दाबलं.
एका खेकड्याला ते अजिबात पसंत नव्हतं.

झवेरी बाजारात शुभंकरच्या भट्टीत
तिचे लग्नातले वाळे वितळले.
साचा फोडून तो हसला,
"दीदी, हे काय, खिळे?"
मी चांदी काळवली,
टोकं तेवढी घासून उजळ ठेवली,
आणि मधोमध काहीच बसवलं नाही.
व्रणाएवढी मोकळी जागा,
तिच्या दोन्ही काठांना मुळं.

पुतणीच्या हळदीला घालून गेली.
किती तोळे, बायकांनी विचारलं म्हणे.
एकीनं विचारलं, टोचत नाही का गो?
टोचतं. मान खाली घातली की हनुवटीला टोचतं.
मग?
मग नाय घालत खाली.

आज परत आलीय, प्लास्टिकच्या डब्यात घेऊन.
"एक मूल मोरलं," म्हणते.
बाजारात बर्फाच्या लादीवर आपटलं.
आठ उरलीत. फटींत मांदेलीचे खवले,
माझ्या पॉलिशहून जास्त चमकणारे.
ब्रश घेतला तर मनगट धरलं तिनं.
"ऱ्हाऊ दे ते."

मी डाग द्यायला गॅस पेटवते.
मोडकं टोक चिमट्यात धरते.
ती स्टुलावर, डोळे मिटून;
निळ्या ज्योतीच्या आवाजामागं
तिचा श्वास ऐकू येतो,
जरा खरखरीत,
चालू.