पंधरा मिनिटं

बस, आवुओर. ते घाल आणि पंधरा मिनिटं बस.
पंखा बंद आहे, वीज दुपारी येईल.
आरशात बघू नकोस,
आरसा रंग सांगतो, माप सांगत नाही.

किसुमूतली निम्मी डोकी मी या फितीनं मोजलीत.
भुवईच्या बोटभर वरून,
मागं जिथं डोकं सगळ्यात फुगीर, तिथून.
पास्टरचं लांबट, पपईसारखं.
मासेवाल्या ओबुयाचं वाटोळं.
दोघंही अठ्ठावन्न.
पण एकाचं हेल्मेट दुसऱ्याला चालत नाही,
आकडा सारखा असला म्हणून घडण सारखी नसते.
म्हणून बसवतो मी लोकांना.

गाल दाबले जातायत? जाऊ देत.
डोकं हलव. नाही म्हण. जोरात म्हण,
कोंडेलेच्या चौकात पोलिसाला म्हणतेस तसं.
हेल्मेटनं तुझ्याबरोबर नाही म्हणायला हवं,
तुझ्या मागून नव्हे.
पट्टा लाव. हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच.
तिसरं गेलं तर पट्टा नव्हे, दागिना.

डोकं खातो म्हणतेस?
मी खाल्लेलं बरं, रस्त्यानं खाण्यापेक्षा.

लाल? वरच्या फळीवरचं?
ते नाही.
त्याच्या खालचं बघ, करडं, साडेतीन हजार.
स्टिकर कसला बघतेस, स्टिकर शेकड्यानं मिळतात
बसस्टँडमागं, मी पाहिलेत.
आत बोट घाल. अस्तराखाली तो पांढरा कडक थर लागला?
तो पडताना चेपतो, तुझ्याऐवजी.
एकदाच. दुसऱ्यांदा चेपायला त्याच्याकडं काही उरत नाही.

कपाळावर एका जागी टोचतंय का? खरं सांग.
इथं सुपारीएवढं दुखतं
ते अहेरोच्या रस्त्यावर, तिसऱ्या फेरीला, उन्हात,
दगडाएवढं होतं.
मग तू ते काढून हँडलला अडकवशील,
आणि हँडलला मेंदू नसतो.

नाही टोचत. बरं.
मग साठ कशाला मागतेस?

वेण्या.
कालच घातल्यास, बहिणीचे सहा तास, कळतंय मला.
छान दिसतायत.
अठ्ठावन्न त्यांच्यावरून उतरत नाही, तेही दिसतंय.

मी एकदा दिलं होतं साठ. वेण्यांवरून.
तीही तुझ्यासारखीच, बोडा चालवणारी,
तिनंही बसून घासाघीस केली, हसली,
दोनशे कमी करून घेतले.
महिन्यात वेण्या दबल्या, नंतर सोडल्या,
हेल्मेट तेच राहिलं.
खड्ड्यात आधी ते उडालं,
मग ती.
तिचा भाऊ घेऊन आला परत.
म्हणाला, बघा, ओरखडासुद्धा नाही,
कुणाला तरी विका.

वरच्या फळीवर आहे.
रोज पुसतो.

...

झाली पंधरा. काढ.
कपाळावर सगळीकडं सारखीच खूण, म्हणजे बसलं आहे,
फक्त वेण्यांनी वर उचलून धरलंय.
मी रविवारपर्यंत ठेवीन बाजूला. सोमवारपर्यंतसुद्धा.
जा, गिऱ्हाईक खोळंबलं असेल.

तू गेली नाहीस.
पायरीवर बसलीस, पाठ माझ्याकडं करून,
कानामागची पहिली वेणी
टोकाकडून सोडायला घेतलीस.
शाळेतून येणारी एक पोरगी थांबली,
दप्तर खाली ठेवलं,
न विचारता दुसऱ्या बाजूनं लागली.

मी फीत काढून बसलो.
वीज आली, पंखा फिरला,
मोकळे केस उडू लागले तेव्हा
तू मान न वळवता विचारलंस,
"आणि मागं बसणाऱ्याचं?
माझ्याकडं एक आहे, वास मारतं, कुणी घालत नाही."

आण ते, म्हटलं. आतलं अस्तर निघतं, साबणानं धुता येतं.
आधी त्याला तडा आहे का बघू.
मागं बसतो त्यालाही डोकं असतं.